जग बुडालं तर पाणी निळं नसेल

गेममधलं शहर बुडतं तेव्हा पाणी निळं का असतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. ‘सबमर्ज्ड’ नावाचा २०१५ चा एक गेम आहे. एक मुलगी जखमी भावाला होडीत घालून बुडालेल्या शहरात येते आणि पाण्यावर डोकं काढून उभ्या असलेल्या इमारतींवर चढून त्याच्यासाठी औषधं शोधते. बंदुका नाहीत, मारामारी नाही, देखणा गेम आहे. पण त्यातलं पाणी असं, की मालदीवच्या सहलीची जाहिरात वाटावी. त्यात डॉल्फिन नसते तरच नवल!

मंडळी, यावेळच्या सदरात जगबुडीनंतरच्या गेमांबद्दल लिहावं असं ठरवलं त्याला कारण माझा भाचा. नववीत आहे, सुट्टीत आमच्याकडे होता, आणि ‘द लास्ट ऑफ अस’ खेळता खेळता त्याने विचारलं, “मामा, सुरत अशी रिकामी झाली तर अशीच दिसेल का?” मी “हो, साधारण” म्हणून वेळ मारून नेणार होतो. मग वाटलं, आपल्या गावाइतकं या प्रश्नाचं उत्तर द्यायला लायक गाव दुसरं कुठलं आहे? सुरत एकदा साथीने अर्धीमुर्धी रिकामी झालेली आहे, एकदा जवळजवळ सगळी बुडालेली आहे, आणि दोन्ही वेळा पाहणारे लोक आपल्या घरात जिवंत आहेत.

आधी पाण्याचं बघू. सुरती माणूस पुराला ‘रेल’ म्हणतो. १९६८ ची रेल, १९९८ ची रेल, आणि आमच्या पिढीची २००६ ची. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेला विसर्ग वाढत वाढत शिखरावर ९ लाख क्युसेकच्या आसपास गेला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. गुणाकार करून बघा: सेकंदाला अडीच कोटी लिटर. सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर धरा, तर दर सेकंदाला अडीच हजार टँकर. त्यात ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा, म्हणजे समुद्राला उधाणाची भरती. नदी खाली उतरू बघते आणि खालून समुद्र तिला वाट देत नाही. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

मी तेव्हा बारावीत होतो. अडाजणला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खालचा मजला पूर्ण पाण्यात. जिन्यात बसून आम्ही पायऱ्या मोजायचो: अजून किती उरल्या. त्या पाण्याचा रंग मी कुठल्याही गेममध्ये पाहिलेला नाही. दाट, तपकिरी, वर तेलाचा तवंग, आणि त्यात वाहत येणारं काय काय. पारदर्शक असायचं कारणच नव्हतं. तापी निघते मध्य प्रदेशात मुलताईला, आणि सुरतेला पोचेपर्यंत बऱ्हाणपूर, भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार अशा सगळ्या मुलखाची माती उचलत येते. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक कुटुंबं मूळची खानदेशातली. गावी ज्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, तीच माती त्या आठवड्यात आपल्या सुरतच्या तळमजल्यात येऊन बसली होती. माझी आजी तर म्हणाली होती, “शेत विकून आलो, तर शेत मागे मागे आलं.”

कोणी म्हणेल, पूर वेगळा आणि कायमचं बुडणं वेगळं. समुद्राची पातळी हळूहळू वाढली आणि पाणी शंभर वर्षं तिथेच राहिलं तर गाळ खाली बसेल की! मुद्दा बरोबर आहे, दुसऱ्या एखाद्या शहराच्या बाबतीत चालेलही. पण सुरतेला लागून खंभातचं आखात आहे. तिथल्या भरती-ओहोटीतला फरक देशात सर्वांत मोठ्या फरकांपैकी. रोज दोनदा एवढं पाणी आतबाहेर होतं की तळाचा गाळ बसायला सवडच मिळत नाही. डुमसला गेलेल्या कोणालाही विचारा, तिथला समुद्र निळा दिसला का. सुरत बुडाली तर ती चहाच्या रंगाच्या पाण्यात बुडेल, आणि पाण्याखाली पोहत जाऊन तिजोरी शोधण्याचा प्रसंग आला तर हात पुढे केला तरी हात दिसणार नाही. गेम बनवणाऱ्याचं यात नुकसान आहे हे मी समजू शकतो.

पाण्यापेक्षा मोठी चूक पाणी ओसरल्यानंतरची. गेममध्ये पाणी ओसरलं की भिंतीवर थोडं शेवाळं, दोन वेली, एक हरीण. प्रत्यक्षात उरतो तो गाळ. कपाटात, गाद्यांत, फ्रिजमध्ये, मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये. ओला असेपर्यंत फावड्याला चिकटतो आणि वाळला की विटेसारखा होतो. इतर शहरांतून सफाई कामगार, पंप आणि गाड्या आल्या म्हणून ते काम आटोक्यात आलं. ते आलेच नसते तर? गेमचा प्रश्न खरं तर हाच आहे, आणि त्याचं उत्तर एकही गेम देत नाही: पहिल्याच पुरानंतर सुरतेचे तळमजले कायमचे जमिनीखाली गेले असते. दर काही वर्षांनी आणखी एक थर. हजार वर्षांनी येणाऱ्या नायकाला दुकानात दारातून शिरता यायचं नाही, उत्खनन करावं लागेल.

त्या गाळानंतर घराघरात आली ती बुरशी. वह्यांवर, चपलांवर, देवघराच्या लाकडावर. तो कुबट वास ज्याने घेतला आहे त्याला ‘द लास्ट ऑफ अस’मधल्या बंद, ओल्या खोल्या लगेच पटतात. २०१३ च्या त्या गेममध्ये कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूचा ताबा घेते. कल्पनेला खरा आधार आहे. ओफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी जंगलातल्या सुतार-मुंग्यांना पकडते, मुंगी वारूळ सोडून झाडावर चढते, पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट चावून मरते, आणि मग तिच्या डोक्यातून बुरशीचा दांडा बाहेर येतो. गंमत अशी की मेंदूचा ताबा हा गेममधला भाग शब्दशः खरा नाही. २०१७ मध्ये संशोधकांनी अशा मुंग्यांचे अतिपातळ छेद घेऊन पाहिलं तेव्हा बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं करून बसलेल्या दिसल्या, मेंदू मात्र मोकळा. म्हणजे ड्रायव्हरला हात न लावता स्टिअरिंगच पकडलं.

मग माणसाला हे होईल का? आपलं मुख्य संरक्षण अगदी साधं आहे: अंगाचं तापमान. बहुतेक बुरश्यांना ३७ अंशांत जगता येत नाही. जग तापत गेलं तर काही बुरश्या हळूहळू या उष्णतेला सरावतील, अशी भीती शास्त्रज्ञ गांभीर्याने घेतात. २००९ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेल्या कँडिडा ऑरिस या बुरशीबद्दल तसा तर्क केला जातो. पण हल्ला करणारी बुरशी कशी असते ते बघायला आपल्याला जपानला किंवा अमेरिकेला जावं लागत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात देशात म्युकरमायकोसिसचे चाळीस हजारांहून अधिक रुग्ण सापडले, आणि सर्वाधिक महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत, म्हणजे आपल्या माहेरी आणि सासरी. ती बुरशी कोणाला चावायला धावली नाही. ती नेहमीच आपल्या हवेत, मातीत होती. कोविड, आटोक्याबाहेरचा मधुमेह आणि स्टेरॉइड यांनी दार उघडलं आणि ती आत आली. एकाकडून दुसऱ्याकडे ती पसरतही नाही. गेमसाठी निरुपयोगी राक्षस. पण ज्यांच्या घरात तो आला त्यांना विचारा.

आता किरणोत्साराकडे वळू, कारण ‘फॉलआउट’ खेळणारे वाचक मला सोडणार नाहीत. फॉलआउटचं अणुयुद्ध होतं २०७७ मध्ये आणि चौथ्या भागाची गोष्ट घडते २२८७ मध्ये. २१० वर्षं गेली तरी झाडं निष्पर्ण, जमीन राखाडी, बिछान्यांवर सांगाडे आणि लाकडी घरं रंग उडून उभी. इथे मी हात जोडतो. अणुस्फोटानंतरच्या किरणोत्साराचा एक ढोबळ हिशेब आहे: वेळ सातपट झाला की तीव्रता दहा पटींनी घटते. पहिल्या तासाच्या मानाने सात तासांनी दहावा हिस्सा, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. दीर्घकाळ त्रास देतं ते सीझियम-१३७ सारखं मूलद्रव्य, त्याचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. २१० वर्षं म्हणजे सात अर्धायुष्यं. दोनाचा सातवा घात १२८. म्हणजे एक टक्क्याहून कमी उरलं.

आणि झाडं? चेर्नोबिलच्या अपघातानंतर, २७ एप्रिल १९८६ ला, प्रिप्यात हे पन्नास हजार वस्तीचं गाव रिकामं केलं. जवळचं पाइनचं जंगल किरणोत्साराने लाल पडून मेलं. पण पुढे तिथेच बर्चची झाडं उगवली, लांडगे वाढले, १९९८ मध्ये सोडलेले रानटी घोडे तिथे नांदताहेत. हिरोशिमात स्फोटाच्या केंद्रापासून एक-दोन किलोमीटरवरच्या गिंको झाडांना पुढच्याच वसंतात पालवी फुटली. याचा अर्थ किरणोत्सार निरुपद्रवी आहे असा नाही. झाडांसाठी किरणोत्सारापेक्षा माणसाची कुऱ्हाड जड होती, एवढाच. ‘स्टॉकर’ हा चेर्नोबिलवरचा २००७ चा गेम या बाबतीत फॉलआउटपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. त्यातलं गवत निदान गवतासारखं वाढतं.

आपल्याला याची घरगुती आवृत्तीही आहे. सुरतेपासून ऐंशीएक किलोमीटरवर, व्याऱ्याजवळ, काकरापार अणुवीज केंद्र आहे. तिथे आता ७०० मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्याही चालतात. माणसं अचानक गायब झाली तर भट्टी बंद पडेल हे खरं, पण बंद पडलेली भट्टी गार नसते. एका दिवसानंतरही तिच्या पूर्ण उष्णतेच्या अर्धा टक्क्याच्या आसपास उष्णता निघत राहते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ, पण एवढ्या मोठ्या भट्टीत तो सुमारे १० मेगावॅट होतो. ती उष्णता बाहेर काढायला पाणी हवं. फुकुशिमाला मार्च २०११ मध्ये नेमकं तेच थांबलं होतं. नव्या भट्ट्यांत विजेशिवायही काही काळ गार राखणारी व्यवस्था असते. ‘काही काळ’ हे शब्द महत्त्वाचे. काकरापारला जून १९९४ मध्ये अतिवृष्टीने टर्बाइनच्या इमारतीत पाणी शिरलं होतं. भट्टी तेव्हा बंद होती, नशीब.

पण मला विचाराल तर सुरतेच्या जगबुडीचा खरा खलनायक काकरापार नव्हे, उकाई आहे. शहराच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर, १९७२ मध्ये पुरं झालेलं, कोयनेच्या दुपटीहून जास्त पाणी साठवणारं धरण. त्याला २२ दरवाजे. आता कल्पना करा, मे महिन्यात माणसं नाहीशी झाली, दरवाजे बंद. जुलै-ऑगस्टात खानदेशात पाऊस पडेल, धरण ३४५ फुटांची खूण गाठेल, आणि दरवाजे उघडायला कोणी नसेल. धरणाचा मोठा भाग मातीचा आहे. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं की ते स्वतःच स्वतःला कापत जातं. मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध असेच वाहून गेले आणि ११ ऑगस्ट १९७९ ला मोरबी बुडालं. आपल्या पुण्याने १२ जुलै १९६१ ला पानशेत पाहिलं. कदाचित पहिल्याच पावसाळ्यात फुटणार नाही, तीन-चार वर्षं कमी पावसाची जातील. पण ज्या वर्षी २००६ सारखा पाऊस येईल त्या वर्षी सुरतेचा नकाशा बदलेल. दरवाजे उघडे राहून गंजले तर उलट तापी पुन्हा १९६८ पूर्वीसारखी मोकाट. दोन्हींपैकी कुठलाही पर्याय घ्या, शंभर वर्षांनी निवांत पडलेलं, वेली चढलेलं शहर मिळत नाही.

वेलींचंही सांगतो. गेमांतली हिरवाई बहुतेक अमेरिकेच्या वायव्येकडची असते. ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग सिॲटलमध्ये घडतो, तिथे ती शोभतेही, कारण तिकडे वर्षातले बरेच महिने भुरभुर पाऊस असतो. सुरतेत चार महिने कोसळतो आणि आठ महिने तोंड दाखवत नाही. म्हणजे सप्टेंबरात छातीएवढं गवत, फेब्रुवारीत ते पिवळं, आणि एप्रिलमध्ये एक ठिणगी पुरे. विजेची नको, आभाळातली चालेल. ओसाड शहरातला वणवा मी कुठल्या मोठ्या गेममध्ये नीट पाहिलेला नाही. आणि इथे तर कापड बाजार! पॉलिएस्टरचे गठ्ठेच्या गठ्ठे. जळालं नाही तर ते कुजणारही नाही. सगळ्या गेमांत नायक फाटक्या कपड्यांत हिंडतो. सुरतेच्या गेममध्ये अन्न मिळणार नाही, औषध मिळणार नाही, पण अंधाऱ्या गोदामांत साड्या हव्या तितक्या, रंगही फारसा न उतरलेल्या.

झाडांची नावंसुद्धा बदलावी लागतील. पहिल्या वर्षी गाजर गवत. मग घाणेरी, सुबाभूळ, वेडी बाभूळ. सिंगणपोर कॉजवेजवळ जलपर्णी तर आजही माणसं असताना नदी झाकून टाकते, तिला काढणारी यंत्रं थांबली की विषय संपला. बाल्कनीतला मनीप्लांट घरात हातभर वेल असतो, पण आधार आणि पाऊस मिळाला की त्याची पानं सुपाएवढी होतात. आपल्या अपार्टमेंट्स झाकणारी वेल ती असेल. उभ्या शेतांचं काय? पबजीचं एरांगेल बेट आठवा. ओसाड, तरी गव्हाची शेतं सोनेरी डुलताहेत. माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून असा गहू केला की ज्याच्या ओंबीतून दाणा आपोआप गळत नाही. तो काढायला शेतकरी लागतो आणि पेरायलाही शेतकरी लागतो. दोन-तीन हंगामांत गहू संपला. आपल्याकडचा ऊस थोडा जास्त टिकेल, खोडवा फुटत राहील, दरवर्षी बारीक होत जाईल.

इमारतींच्या बाबतीत मात्र गेम उदार आहेत. ‘होरायझन’मध्ये हजार वर्षांनीही पोलादी सांगाडे आभाळात उभे. काँक्रीटच्या आतल्या सळईपर्यंत ओलावा आणि क्षार पोचले की ती गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा खातो, आतून दाब येतो आणि स्लॅबचे पोपडे पडतात. किनाऱ्याजवळच्या आपल्या हवेत हे राहत्या घरांत तीस-चाळीस वर्षांत दिसायला लागतं, तेही आपण दर पावसाळ्याआधी गच्चीला डांबर लावत असताना. त्यावर मैना-बुलबुलांनी टाकलेलं पिंपळाचं बी. पिंपळ भिंतीत रुजला की किती चिवट असतो हे जुन्या सुरतेतल्या कोणत्याही घरमालकाला माहीत आहे.

त्यामानाने कतारगाम दरवाजाजवळची इंग्रज आणि डच थडगी बघून या. जॉर्ज ऑक्सेंडन १६६९ मध्ये वारला. हा तोच, १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांची वखार लढवत बसलेला. जवळच डच बाजूला हेंड्रिक व्हान ऱ्हीड, १६९१ मध्ये वारलेला. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ त्याने करवून घेतला. साडेतीनशे वर्षांच्या आसपासची ही वीट-चुन्याची बांधकामं, आत गंजायला सळईच नाही. पुरातत्त्व खातं त्यांची निगा राखतं म्हणून उभी आहेत हेही खरं. पण माणसं गेल्यावर आपला दहा मजली टॉवर आधी पडेल आणि ऑक्सेंडनसाहेबाचा घुमट नंतर, यावर मी पैज लावायला तयार आहे. वसूल कोणाकडून करायची एवढाच प्रश्न.

पेट्रोलवर फार लिहीत नाही. ‘डेज गॉन’मध्ये साथीनंतर दोन वर्षांनी मोटरसायकल जागोजागी मिळणाऱ्या पेट्रोलवर पळते. पेट्रोल महिन्यांच्या हिशेबाने शिळं होतं, चिकट राळ धरतं, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतला दमटपणा ओढून घेतं. दोन वर्षं खोकत खोकत चालेल. वीस वर्षं नाही. आपल्या रिक्षांचा सीएनजी शिळा होत नाही, पण तो टाकीत भरणारा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून तिथेही गाडी अडली.

भाच्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, “पण मामा, माणसं तर अशीच वागतील ना? एकमेकांना मारतील?” खरं म्हणजे या लेखातला हाच प्रश्न मला अवघड वाटतो. जवळजवळ प्रत्येक गेमचं गृहीतक असतं की व्यवस्था कोसळली की शेजारी शत्रू होतो. याला पडताळून पाहण्याजोगा पुरावा काय?

१९९४ चं उदाहरण घ्या. त्याची सुरुवात अनेक तज्ज्ञ आपल्या मराठवाड्यात शोधतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. लोकांनी घरं सोडली, धान्य आतच राहिलं, आणि त्या धान्यावर उंदीर माजले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण दिसले. ही साखळी पूर्ण सिद्ध झालेली नसली तरी शास्त्राच्या दृष्टीने अगदी पटणारी आहे, आणि ती कुठल्याही गेमपेक्षा हुशारीने लिहिलेली आहे: ओसाड घर, साठवलेला दाणा, उंदीर, पिसू, माणूस. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. त्या वर्षी पाऊस दांडगा, सखल वस्त्यांत पाणी आणि कचरा साचलेला. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. अंदाज असा की शहराचा चौथा हिस्सा. मी बालवाडीत होतो. वडिलांनी आम्हाला तापी लाइनच्या गाडीत खिडकीतून आत ढकललं आणि ते स्वतः मागे राहिले. नंदुरबारला उतरल्यावर आईने आमचे कपडे स्टेशनबाहेरच बदलले, कारण गावात “सुरतवाले आले” अशी कुजबुज होती.

देशभर मिळून मृत्यू पन्नाशीच्या आसपास झाले. प्रत्येक मृत्यू मोठाच. पण औषध, टेट्रासायक्लिनसारखं साधं औषध, उपलब्ध होतं, आणि भीतीचा वेग रोगाच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त होता. अनेक खासगी दवाखाने बंद झाले, सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका कामावर राहिले. रिकाम्या शहरात टोळ्यांचं राज्य आलं नाही. काही आठवड्यांत लोक परतले, माग सुरू झाले. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, कचरा रोज उचलला जाऊ लागला, आणि १९९६ मध्ये इंटॅकच्या पाहणीत सुरत चंदीगढच्या खालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरलं. असा शेवट गेममध्ये कोणी ठेवला तर खेळणारे पैसे परत मागतील. झाडूने जिंकलेला शेवटचा राउंड!

२००६ मध्ये आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचं गुजराती कुटुंब वर आमच्याकडे राहायला आलं. समोरच्या इमारतीतून दोरीला पिशवी बांधून दूध आणि खाखरे इकडे येत, आमच्याकडून मेणबत्त्या तिकडे. चोऱ्या झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. बाटलीबंद पाण्याचे वाट्टेल ते भाव लावणारेही निघाले. पण सरासरी काढली तर गेमांचं गणित चुकतं, आणि या चुकीचं मला पाण्याच्या रंगापेक्षा जास्त वाईट वाटतं. पाणी निळं दाखवल्याने कोणाचं बिघडत नाही. शेजारी बंदूक घेऊन येईल असं मानून वाढलेला मुलगा पुढच्या रेलच्या वेळी दार उघडेल का, हे मला ठाऊक नाही. भाच्याने यावर खांदे उडवले आणि पुढची लेव्हल सुरू केली. खेळू दे. मीही खेळतो.

त्या सुट्टीत आम्ही दोघांनी एक उद्योग मात्र सुरू केला आहे, त्यासाठी तुमची मदत हवी. २००६ चं पाणी आपापल्या भागात नेमकं कुठवर आलं होतं ते आम्ही नकाशावर टिपतो आहोत. बऱ्याच जुन्या भिंतींवर ती रेघ अजून आहे, रंगाखाली असली तरी घरातल्या मोठ्यांना जागा आठवते. उंची जमिनीपासून टेपने मोजा, विभाग आणि जवळची ओळखीची खूण लिहा, घराचा पत्ता नको. १९६८ किंवा १९९८ ची रेघ कोणाला ठाऊक असेल तर सोन्याहून पिवळं. माहिती संपादक मंडळाच्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. आतापर्यंत अडाजण आणि रांदेरचे मिळून अकरा ठिपके झाले आहेत, उधना-लिंबायतकडचा एकही नाही. तिकडे खाडीचं पाणी वेगळ्या वाटेने येतं, म्हणून ते ठिपके जास्त हवे आहेत.